‘आय-१४० झालंय का?’ हा प्रश्न आपण बैठकीत कधी विचारणार?

मंडळी, पोस्ट मोठी आहे. पण ज्यांच्या घरात लग्नाची मुलगी किंवा मुलगा आहे आणि परदेशातल्या स्थळांची चर्चा चालू आहे, त्यांनी शेवटपर्यंत वाचा. ज्यांच्या घरात नाही, त्यांनीही वाचा, कारण नात्यात कुणीतरी असतंच.

लग्नाच्या बैठकीत आपण काय काय विचारतो? पत्रिका, गोत्र, शिक्षण, पगार, पुण्यात फ्लॅट आहे का, तो कुणाच्या नावावर आहे, गावाकडे शेती किती. मुलगा अमेरिकेत असेल तर जरा बिचकत विचारतो, "ग्रीन कार्ड आहे का हो?" समोरून उत्तर येतं, "प्रोसेसमध्ये आहे, सध्या एच-१बी आहे." आपण समजल्यासारखी मान डोलावतो आणि पोह्यांची डिश पुढे करतो. ‘प्रोसेसमध्ये’ म्हणजे नेमकं कुठे, हे कुणी विचारत नाही. खरं तर त्या मुलीची पुढची पाच-सात वर्षं त्या एका शब्दावर अवलंबून असतात.

माझं म्हणणं सरळ आहे. परदेशी जाताना जोडीदाराच्या व्हिसावर जायचं की स्वतःच्या कामाच्या व्हिसावर, हा निर्णय आपल्याकडे ‘जे लवकर होईल ते’ या एकाच निकषावर घेतला जातो. एजंट सांगतो, जावई सांगतो, फॉर्म भरला जातो. तिकडे पोचल्यावर कामाची परवानगी कुणाला, नोकरी गेली तर राहायची मुदत किती, संसार मोडला तर दर्जा कुणाचा टिकतो, हे सगळं त्या एका फॉर्मने ठरवलेलं असतं. हा कागदपत्रांचा किरकोळ विषय समजून सोडून देण्यासारखा नाही. घर घेताना सात-बारा बघतो, तसं हे बघायला हवं.

आधी एक घोळ दूर करू. आपण ‘डिपेंडंट’, ‘स्पाउस’, ‘पार्टनर’ हे शब्द एकाच अर्थाने वापरतो. प्रत्यक्षात दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

पहिली: जोडीदार त्या देशाचा नागरिक आहे किंवा त्याला तिथे कायमचं राहण्याचा हक्क मिळालेला आहे. अशा वेळी मिळणारा व्हिसा हा कायम वास्तव्याकडे जाणारा रस्ता असतो. अमेरिकन नागरिकाशी लग्न केलेली व्यक्ती ग्रीन कार्ड घेऊनच उतरते आणि पहिल्या दिवसापासून कुठलीही नोकरी करू शकते. लग्नाला दोन वर्षं झालेली नसतील तर ते कार्ड सशर्त, दोन वर्षांचं असतं आणि नंतर अट काढून घेण्यासाठी अर्ज करावा लागतो. मध्येच घटस्फोट झाला किंवा छळ झाला तर एकट्यानेही तो अर्ज करता येतो. ब्रिटनमध्ये नागरिकाचा जोडीदार पाच वर्षांनी कायम वास्तव्य मागू शकतो. मात्र तिथे ११ एप्रिल २०२४ पासून किमान उत्पन्नाची अट वर्षाला २९ हजार पौंड केली आहे. ऑस्ट्रेलियात पार्टनर व्हिसा दोन टप्प्यांत मिळतो, आधी तात्पुरता, मग कायमचा, आणि नुसती अर्जाची फी नऊ हजार ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर आहे. महाग आहे, वेळ लागतो, पण हातात येतं ते भक्कम असतं.

दुसरी: जोडीदार स्वतःच तिथे तात्पुरत्या कामाच्या व्हिसावर आहे आणि आपण त्याच्या मागे शेपूट म्हणून जातो. शब्द कडक वाटेल, पण कायद्याच्या नजरेत तसंच आहे. त्याचा दर्जा आहे तोवर आपला. त्याची नोकरी गेली, तो गेला, संसार गेला, की आपलाही गेला. मराठी घरांतली परदेशातली बरीच स्थळं या दुसऱ्या प्रकारात बसतात आणि बोलणी मात्र पहिल्या प्रकारात असल्यासारखी चालतात.

आता अमेरिकेचं उदाहरण नीट बघू, कारण आपल्याकडे ‘फॉरेन’ म्हटलं की आधी तेच डोळ्यासमोर येतं.

एच-१बी हा कामाचा व्हिसा. वर्षाला ६५ हजार आणि अमेरिकेतून मास्टर्स केलेल्यांसाठी आणखी २० हजार, एवढाच कोटा. अर्ज कितीतरी जास्त येतात, म्हणून निवड होते. साधारणपणे जास्तीत जास्त सहा वर्षं. एच-१बीवाल्याच्या नवऱ्याला किंवा बायकोला मिळतो तो एच-४. एच-४ वर राहता येतं, शिकता येतं, बहुतेक राज्यांत गाडीचं लायसन्स काढता येतं. नोकरी करता येत नाही.

"पण माझी भाची तर एच-४ वर नोकरी करते!" बरोबर आहे. ओबामा सरकारच्या काळात एक नियम आला. २६ मे २०१५ पासून काही एच-४ जोडीदारांना कामाचं परवानापत्र मागता येतं. ‘काही’ हा शब्द महत्त्वाचा. एच-१बीवाल्याच्या ग्रीन कार्डच्या वाटेवरचा आय-१४० नावाचा अर्ज मंजूर झालेला असेल, किंवा त्या वाटेवर असल्यामुळे त्याला सहा वर्षांपुढे मुदतवाढ मिळालेली असेल, तरच. म्हणजे मुलगा दोन वर्षांपूर्वी अमेरिकेत गेला असेल आणि कंपनीने ग्रीन कार्डचं काम सुरूच केलं नसेल, तर त्याच्या बायकोला काही वर्षं तरी घरी बसावं लागणार. मग ती बी.ई. असो, सी.ए. असो, नाहीतर एम.डी.

म्हणून म्हणतो, बैठकीत पगाराच्या आधी विचारा: "आय-१४० झालंय का?" उत्तर ‘हो’ असेल तर गोष्ट वेगळी. ‘नाही’ असेल तर लगेच नकार द्या असं मी म्हणत नाही. पण मुलीला आणि तिच्या आईवडिलांना त्याचा अर्थ कळायला हवा. पाच वर्षं नोकरी केलेली मुलगी अचानक घरात बसते, स्वतःच्या नावावर पगार नाही, दर वेळी पैसे मागायचे. त्याचा माणसावर काय परिणाम होतो हे तिकडे राहिलेल्या कुठल्याही बाईला विचारा.

शिवाय हा परवाना दगडावरची रेघ नाही. तो आल्यापासून त्याच्याविरुद्ध कोर्टात केस चालली. अमेरिकेतल्या आयटी कर्मचाऱ्यांच्या एका संघटनेने हा नियम बेकायदेशीर ठरवावा म्हणून लढा दिला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती केस ऐकायला नकार दिला, म्हणून नियम टिकला. पण त्याच महिन्यात दुसरा फटका बसला. पूर्वी परवान्याचं नूतनीकरण वेळेत टाकलं की जुना परवाना आपोआप ५४० दिवसांपर्यंत चालायचा. ३० ऑक्टोबर २०२५ पासून टाकलेल्या अर्जांना ही सवलत बंद झाली. म्हणजे सरकारी कचेरीला उशीर झाला, तर चूक तुमची नसताना नोकरी थांबणार. आणि भारतीयांच्या बाबतीत हे एकदाच होत नाही. रोजगारावर आधारित ग्रीन कार्डमध्ये कुठल्याही एका देशाला सात टक्क्यांच्या आसपासच वाटा मिळतो, त्यामुळे आपली रांग वर्षानुवर्षं लांबलेली आहे आणि रांगेत असेपर्यंत परवाना पुन्हा पुन्हा नवा करत राहावा लागतो.

मग काय, प्रत्येकीने स्वतःचा एच-१बी घेऊनच जावं? बोलायला सोपं आहे. १९ सप्टेंबर २०२५ ला ट्रम्प यांनी घोषणापत्र काढलं आणि अमेरिकेबाहेर असलेल्या माणसासाठी नवा एच-१बी अर्ज करायचा तर कंपनीला एक लाख डॉलर भरायला लावले. भारतात बसलेल्या, चार-पाच वर्षांच्या अनुभवाच्या मुलीसाठी कुठली कंपनी एवढे पैसे मोजणार? नंतरच्या सरकारी खुलाशात असं सांगितलं गेलं की अमेरिकेत आधीच वैध दर्जावर असलेल्या व्यक्तीने तिथूनच दर्जा बदलून घेतला, तर ती रक्कम लागत नाही. म्हणजे गंमत बघा. ज्या एच-४ ला आपण दुय्यम म्हणतो, त्यावर आत जाऊन, तिथे शिकून किंवा नोकरी मिळवून, मग एच-१बी वर जाणं हा आज जास्त शक्य असलेला मार्ग ठरतो. एच-४ वर काढलेली वर्षं एच-१बीच्या सहा वर्षांतून वजाही होत नाहीत. कोट्याची निवड मात्र चुकत नाही.

याचा अर्थ ‘डिपेंडंट वाईट, वर्क व्हिसा चांगला’ इतकं हे सोपं नाही. देश बदलला की उत्तर बदलतं. तेच पुढे सांगतो.

अमेरिकेतच एल-१ वर, म्हणजे कंपनीच्या अंतर्गत बदलीवर गेलेल्याची बायको किंवा नवरा एल-२ वर असतो. नोव्हेंबर २०२१ मधल्या एका न्यायालयीन तडजोडीनंतर एल-२ जोडीदाराला वेगळा परवाना न काढता काम करता येतं. एकाच कंपनीतले, एकाच टीममधले दोन मुलगे असतील, एकाची बायको उतरल्याच्या आठवड्यात मुलाखती देऊ शकते आणि दुसऱ्याची बायको चार वर्षं देऊ शकत नाही. फरक एका अक्षराचा.

जर्मनीत तर गाडी उलटी आहे. तिथे ब्लू कार्डवर गेलेल्याच्या जोडीदाराला जाण्याआधी जर्मन भाषेची परीक्षा द्यावी लागत नाही आणि पोचल्यावर कुठलंही काम करता येतं. नोकरी बदला, अर्धवेळ करा, स्वतःचा धंदा काढा. उलट ब्लू कार्डवाल्याला सुरुवातीला नोकरी बदलताना कचेरीला कळवावं लागतं, पगाराची अट सांभाळावी लागते. म्हणजे तिथे डिपेंडंट हा मूळ व्हिसावाल्यापेक्षा जास्त मोकळा. शिवाय तिथे तीन वर्षं एकत्र संसार झाला असेल तर नातं तुटल्यावरही जोडीदाराला स्वतंत्रपणे राहण्याचा हक्क मिळतो, आणि छळासारख्या गंभीर कारणात तीन वर्षांची अटही शिथिल होते.

ब्रिटनमध्ये स्किल्ड वर्करच्या जोडीदाराला जवळजवळ कुठलीही नोकरी करता येते. पण तिथे वेगळा खड्डा आहे. समजा तुम्ही डिपेंडंट म्हणून तीन वर्षं काढली आणि मग स्वतःला नोकरी मिळाली म्हणून स्वतःच्या स्किल्ड वर्कर व्हिसावर गेलात. वाटतं, बढती मिळाली! पण त्या मार्गाने कायम वास्तव्य मागताना डिपेंडंट म्हणून काढलेली वर्षं मोजली जात नाहीत, घड्याळ पुन्हा शून्यावर येतं. म्हणून तिथे सुरुवातीलाच ठरवावं लागतं, कोण कुठल्या रांगेत उभं राहणार. खर्चाचाही विचार करा. फेब्रुवारी २०२४ पासून प्रौढ व्यक्तीला आरोग्य अधिभारच वर्षाला १,०३५ पौंड आहे. नवराबायको तीन वर्षांसाठी निघाले तर व्हिसाची फी सोडून ६,२१० पौंड आधी टेबलावर ठेवायचे.

कॅनडाने तर २१ जानेवारी २०२५ पासून दारच अरुंद केलं. पूर्वी कामाच्या परमिटवर असलेल्या कितीतरी लोकांच्या जोडीदारांना खुलं वर्क परमिट मिळायचं. आता ते ठरावीक, वरच्या कौशल्याच्या व्यवसायांपुरतं आहे आणि मूळ परमिटची किमान १६ महिने मुदत शिल्लक असावी लागते. विद्यार्थ्यांच्या जोडीदारांसाठीही मास्टर्सचा कोर्स १६ महिने किंवा जास्त असावा लागतो. पंजाबात ज्या ‘आयेल्ट्स लग्नां’ची चर्चा होती, म्हणजे मुलीने इंग्रजीची परीक्षा पास व्हायची, मुलाकडच्यांनी तिच्या फीचा खर्च करायचा आणि मुलगा तिचा डिपेंडंट म्हणून जायचा, त्या हिशोबालाच यामुळे धक्का बसला. तिथे फसवणुकीच्या तक्रारी दोन्ही बाजूंनी झाल्या. लग्न हे व्हिसाचं साधन झालं की काय होतं, ते पंजाबने बघितलं आहे. आपण त्यातून शिकायला हरकत नाही.

आता वर्क व्हिसाचीही दुसरी बाजू. ‘स्वतःचा व्हिसा’ म्हणजे पूर्ण स्वातंत्र्य असं समजू नका. तो व्हिसा तुमच्या नावावर असतो, पण दोरी मालकाच्या हातात असते. अमेरिकेत नोकरी गेली तर साधारण ६० दिवस. ब्रिटनमध्ये कंपनीचं प्रायोजकत्वाचं लायसन्स रद्द झालं तर तुमची काही चूक नसताना साधारण ६० दिवसांची नोटीस. ब्रिटनच्या केअर वर्कर व्हिसावर केरळ, पंजाब आणि इतर ठिकाणचे कितीतरी लोक एजंटला लाखो रुपये देऊन गेले. तिथे गेल्यावर अनेकांना कबूल केलेलं कामच मिळालं नाही. ११ मार्च २०२४ पासून नव्या केअर वर्करना कुटुंब आणायला बंदी आली आणि २२ जुलै २०२५ ला परदेशातून थेट केअर वर्कर घेणंच बंद झालं. ज्यांनी घर, सोनं गहाण टाकून हा ‘वर्क व्हिसा’ मिळवला, त्यांचं स्वातंत्र्य किती होतं?

म्हणजे एकीकडे नवऱ्यावर अवलंबून, दुसरीकडे मालकावर. फरक एवढाच की मालक बदलता येतो. दुसरी कंपनी शोधली, तिने कागद टाकले, की सुटका. जोडीदाराच्या बाबतीत तशी ‘ट्रान्सफर’ नसते. ज्या बाईचा नवरा हात उगारतो आणि वर म्हणतो, "जास्त बोललीस तर व्हिसा रद्द करून परत पाठवीन," तिच्यासाठी हा फरक कागदी राहत नाही. ती धमकी बऱ्याचदा अर्धी खोटी असते, पण तिला ते माहीत नसतं. अमेरिकेत छळ झालेल्या एच-४ जोडीदाराला कामाचा परवाना मागण्याची वेगळी तरतूद आहे. ब्रिटनने फेब्रुवारी २०२४ मध्ये कामाच्या आणि विद्यार्थी व्हिसावरच्या लोकांच्या छळ झालेल्या जोडीदारांनाही तीन महिन्यांची सवलत आणि सरकारी मदत मागण्याची सोय केली. अपुरं आहे, पण आहे. आपल्या किती मुलींना विमानात बसण्यापूर्वी हे कुणी सांगितलं?

इथे मी सरकारकडे वळतो, कारण हा फक्त घरगुती शहाणपणाचा विषय नाही.

आखाती देशात गवंडी किंवा ड्रायव्हर म्हणून जाणारा, दहावी न झालेला माणूस असेल तर १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली सरकार त्याचे कागद बघतं, एजंट नोंदणीकृत आहे का बघतं, जाण्याआधीच्या प्रशिक्षणाची सोय आहे. व्यवस्था परिपूर्ण आहे असं नाही, पण ‘हा माणूस अडचणीत येऊ शकतो’ हे तरी मान्य केलंय. लग्न करून जाणाऱ्या मुलीसाठी असं काय आहे? तिची डिग्री मोठी म्हणून ती सुरक्षित, असं आपण धरून चाललोय. राष्ट्रीय महिला आयोगाचा अनिवासी भारतीय विवाहांसाठीचा कक्ष २००९ पासून आहे, पण तिथे माणूस पोचतो तो सगळं झाल्यावर. अनिवासी भारतीयांच्या विवाह नोंदणीचं विधेयक फेब्रुवारी २०१९ मध्ये राज्यसभेत मांडलं गेलं, कायदा काही झाला नाही. विधी आयोगाने फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या २८७व्या अहवालात पुन्हा सांगितलं की अशा लग्नांची सक्तीची नोंदणी करा, पासपोर्टवर वैवाहिक स्थितीची नोंद करा, सर्वंकष कायदा करा. अहवाल कपाटात जायला आपल्याकडे वेळ लागत नाही.

आणि महाराष्ट्राचं काय? १९९८ च्या राज्याच्या कायद्याने विवाह मंडळांचं नियमन आणि लग्नाची नोंदणी हे दोन्ही विषय आपल्याकडे आधीपासून आहेत. मग परदेशातल्या स्थळाच्या बायोडाटात व्हिसाचा प्रकार, त्याची मुदत, कायम वास्तव्याचा अर्ज कुठल्या टप्प्यावर आहे आणि जोडीदाराला काम करता येईल की नाही, हे चार रकाने बंधनकारक करायला काय अडचण आहे? यासाठी दिल्लीकडे बघायची गरज नाही. जातीजातीच्या वधू-वर मेळाव्यांना तर कायद्याचीही वाट बघायला नको. पुढच्या मेळाव्याच्या फॉर्ममध्ये एक ओळ वाढवा. नाडी आणि गण छापता ना, मग हे का नाही?

२०२४ मध्ये राज्य सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. नर्स, इलेक्ट्रिशियन, प्लंबर अशा कामांसाठी. कल्पना चांगली. पण त्या माणसांना भाषा शिकवताना, कुटुंब कधी नेता येईल, जोडीदाराला कुठली परीक्षा लागेल, काम करता येईल का, हेही त्याच वर्गात शिकवलं पाहिजे. माणूस एकटा जात नाही. त्याच्या मागे घर जातं.

आता एक नाजूक गोष्ट. या चर्चेत आपण कायम बाईलाच डिपेंडंट धरतो. का? बायको नर्स आहे, ब्रिटन-जर्मनीला नर्स हव्यात, नवऱ्याचं काम तिकडे मागणीत नाही. अशा वेळी तिने मुख्य अर्जदार व्हायचं आणि त्याने तिच्या व्हिसावर जायचं, हा सरळ हिशोब आहे. केरळच्या कितीतरी घरांनी तो केला. आपल्याकडे अजून "बायकोच्या जिवावर गेला" म्हणून चार लोक कुजबुजतात आणि म्हणून कमी पगाराच्या, कच्च्या नोकरीवाल्या नवऱ्याच्या नावाने फाइल टाकली जाते. लोकांच्या कुजबुजीसाठी सगळ्या घराचा दर्जा कच्चा ठेवायचा, यात कसला मोठेपणा?

"संसारात एवढा हिशोब कशाला? विश्वास नावाची गोष्ट आहे की नाही?" असं म्हणणारे काका-मावशी कमेंटमध्ये येतीलच. त्यांना नम्रपणे विचारतो, लग्नात सोनं मुलीच्या नावाने का घालतो आपण? विमा का काढतो? फ्लॅट दोघांच्या नावावर का करतो? नवऱ्यावर विश्वास नाही म्हणून? नाही ना. उद्या काय होईल ते सांगता येत नाही म्हणून. अपघात होतात, मंदी येते, माणूस आजारी पडतो. २०२२-२३ मध्ये अमेरिकेतल्या मोठमोठ्या कंपन्यांनी हजारोंनी माणसं काढली. दोघेही स्वतःच्या कामाच्या व्हिसावर असलेल्या घरात एकाची नोकरी गेली, तर तो दुसऱ्याचा डिपेंडंट होऊन थांबू शकतो, शांतपणे नवीन काम शोधू शकतो. एकाच व्हिसावर उभं असलेल्या घरात तीच बातमी आली की मुलांची शाळा, गाडीचं कर्ज, घराचं भाडं, सगळं ६० दिवसांत गुंडाळायची वेळ येते. स्वतंत्र दर्जा हा नवऱ्याविरुद्धचा बंदोबस्त आहे असं समजू नका. तो नवऱ्यालाही आधार आहे.

माझं मत थोडक्यात असं:

जोडीदार तिथला नागरिक किंवा कायम रहिवासी असेल तर जोडीदाराचा व्हिसा घ्या. रस्ता लांब असला तरी शेवट पक्का आहे.

जोडीदार तात्पुरत्या व्हिसावर असेल आणि त्या देशात डिपेंडंटला कामाची पूर्ण मुभा असेल, जसं जर्मनी, ब्रिटन किंवा अमेरिकेतला एल-२, तर डिपेंडंट म्हणून जाण्यात काही कमीपणा नाही. फक्त कायम वास्तव्याची वर्षं कशी मोजली जातात ते आधी बघा आणि मुख्य अर्जदार कोण, हे पगार आणि मागणी बघून ठरवा. मिशा बघून नको.

जोडीदार एच-१बी वर असेल आणि आय-१४० मंजूर नसेल, तर तारखा कागदावर मांडा. किती वर्षं काम करता येणार नाही? तेवढ्यात काय शिकणार? फी कोण भरणार? लग्नानंतर वर्षभर इथली नोकरी ठेवून, तिकडचा प्रवेश किंवा बदली मिळवून जाता येईल का? वर्षभर लांब राहणं अवघड आहे, मान्य. चार वर्षं घरात बसणंही अवघड आहे.

आणि एजंट "वर्क व्हिसा गॅरंटीड" म्हणत लाखो रुपये मागत असेल, तर त्यापेक्षा घरचा डिपेंडंट व्हिसा शंभर पटीने बरा.

जाताना प्रत्येकाने, विशेषतः मुलींनी, एवढं करा. लग्नाची नोंदणी इथे करून प्रमाणपत्राच्या मूळ प्रती स्वतःजवळ ठेवा. पासपोर्ट स्वतःच्या ताब्यात. व्हिसा, अर्जाच्या पावत्या, नवऱ्याच्या मंजुरीपत्राची प्रत स्वतःच्या ईमेलवर. डिग्री आणि मार्कशीटची सीलबंद ट्रान्स्क्रिप्ट विद्यापीठातून निघण्यापूर्वीच काढा, नंतर नातेवाइकांना खेटे घालायला लावू नका. भारतातलं स्वतःचं बँक खातं चालू ठेवा आणि परतीच्या तिकिटाएवढे पैसे त्यात कायम असू द्या. तिकडे घटस्फोटाची नोटीस आली तर घाबरून सही करू नका. परदेशी कोर्टाचा प्रत्येक हुकूम इथे आपोआप लागू होत नाही, हे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच सांगितलं आहे. आणि व्हिसाचे नियम महिन्यामहिन्याला बदलतात, म्हणून अर्जाच्या आधी त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर स्वतः वाचा. ही पोस्टही त्याला पर्याय नाही.

ज्यांच्या ओळखीत वधू-वर मेळावा भरवणारी मंडळी आहेत, त्यांनी ही पोस्ट त्यांना पाठवा आणि फॉर्ममधले ते चार रकाने वाढवायला सांगा. जे तिकडे आहेत, एच-४ वर असोत, ब्लू कार्डवर असोत की ब्रिटनमध्ये, त्यांनी आपला अनुभव कमेंटमध्ये लिहा. नाव द्यायचं नसेल तर इनबॉक्समध्ये सांगा, नाव न घेता टाकतो. जायच्या तयारीत असलेल्या मुलींना तुमच्या चार ओळी कुठल्याही एजंटपेक्षा जास्त उपयोगी पडतील.